कोपऱ्याचा तुकडा

६ एप्रिल १९३५, शनिवार

ही डायरी गेल्या सालची आहे. मेमसाहेब दर नाताळात नवी द्यायच्या. यंदा त्या विलायतेत आणि मी मळ्यात, तेव्हा नवी कोण देणार? छापलेले वार खोडून माझे घालतो आहे. एकतीस वर्षांची सवय तेवढ्यासाठी मोडायला नको.

आज भाऊबंद बसले होते. सव्वीस तारखेला भैरोबाची जत्रा. पंगतीचं गोड दर साली एका घराकडे असतं, यंदा पाळी आमची. आमची पाळी आली की धाकटा भाऊ खंडेराव बुंदी पाडायचा आणि मी देवळालीत मेमसाहेबांच्या पाहुण्यांना वाढत असायचो. या खेपेला मी म्हणालो, "गोड मी करणार. स्वतःच्या हातानं."

"बटलर काय खाऊ घालणार?" कुणीतरी म्हणालं. "काट्यानं खायला लावायचे आपल्याला."

सगळे हसले. खंडेरावही हसला, ते मला लागलं. इथं येऊन सहा महिने झाले. मोट धरली की बैल बुजतात, निंदायला बसलो की मेथी उपटतो आणि गवत राखतो. घरात माझं ताट अजून सगळ्यांच्या आधी वाढतात, पाहुण्याचं वाढतात तसं. भागूबाई, खंडेरावाची बायको, मला कधी पाणीसुद्धा स्वतः घेऊ देत नाही. लोकांना हा मान वाटेल. मला त्याचा आता कंटाळा आला आहे. या घरातला म्हणून मला एकदा तरी सव्वाशे माणसांना वाढायचं आहे.

मी मँगो पाय करणार आहे. मुंबईचे लोक हवा खायला देवळालीला यायचे, मेमसाहेबांच्या बंगल्यात उतरायचे, आणि एप्रिल लागला की दर रविवारी चाळीस माणसं त्या पायसाठी टेबलाशी ताटकळायची. खाली पारी, वर पारी, मध्ये आंबा.

घरी मी एवढंच सांगितलं की विलायती गोड आहे, नाव पाय. आत काय असतं ते सांगितलं नाही. गंमत राखून ठेवली आहे.

"कुणाचा पाय भाजायचा, भावजी?" भागूबाई म्हणाली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत होती.

९ एप्रिल, मंगळवार

लोखंडी डब्यात नुसती पारी भाजून पाहिली. वर निखारे, खाली निखारे. मैदा होता, तूप होतं, मीठ होतं. जे निघालं ते खंडेरावाच्या म्हशीनं खाल्लं, तेही विचार करून.

डायरीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही. एकतीस वर्षं मी आंबे कापले, भट्टी पेटवली, पत्रे घासले आणि पाय टेबलावर नेला. पीठ माझ्या हाताखालून कधी गेलंच नाही. हनीफ खानसामा गेला, त्याच्यामागं त्याच्या बायकोला, हुस्नबानोला, मेमसाहेबांनी ठेवून घेतलं ते त्या पारीसाठी. तिचे हात गार होते. मेमसाहेब म्हणायच्या, असे हात हजारात एक. त्या हातांना लोणी वितळायचं नाही, म्हणून पारीला पदर सुटायचे.

दहा वर्षांपूर्वी तिच्या मुलानं, रियाजनं, जुन्या नाशकात पावाची भट्टी घातली आणि ती त्याच्याकडे गेली. तिच्याकडे जावं लागणार. माझ्या मनात ते आधीपासून होतं असं मुळीच नाही.

११ एप्रिल, गुरुवार

रामकुंडाच्या खालून नदी पायीच ओलांडली, पाणी घोट्याएवढं. धोतर इस्त्रीचं नेसलो होतो, ते खालून भिजलं.

मोहरमचे दिवस. भट्टीवर चोंग्यांची, गुळाच्या गोड पोळ्यांची गडबड. बायका घरून पीठ-गूळ घेऊन आलेल्या, आपापला नंबर धरून बसलेल्या. हुस्नबानो दाराशी बाजेवर होती. केस सगळे पांढरे झालेत. बोटं सांध्यांवर सुजून वाकडी झाली आहेत.

"या, बटलर," ती म्हणाली. "नदी ओलांडायला दहा साल लागले तुम्हाला?"

मी म्हणालो, कामातून सवड नव्हती. ती म्हणाली, हां, मेमसाहेबांचं काम. मग तिच्या सुनेनं, मासूमानं, चोंगा आणून दिला. खाता खाता मी जत्रेचं सांगितलं.

"सव्वाशे लोक? या हातांनी?" तिनं हात माझ्यासमोर धरले. मी दुसरीकडे पाहिलं. "ताबूत थंडे होऊ देत. मग या. हात तुमचे, जबान माझी."

१७ एप्रिल, बुधवार

आज पहिला धडा. घरून भागूबाईनं घुसळलेलं लोणी नेलं. हुस्नबानोनं ते डब्यात घालून भट्टीमागच्या आडात सोडायला लावलं, पाण्याला टेकेल इतकं. मैदाही तसाच, दुसऱ्या डब्यात. तासाभरानं वर काढलं तर लोणी घट्ट. मग पाटा आडाच्या पाण्यानं धुऊन त्यावर पीठ. "मळू नका, बटलर. चपाती नाही ती. नुसतं गोळा करा." मी मळत होतो. तीन वेळा तिनं सगळं शेजारच्या म्हशीच्या घमेल्यात टाकायला लावलं. मेमसाहेबांच्या बंगल्यात मी तिच्यापेक्षा वरचा नोकर होतो, हे ती साफ विसरलेली दिसते.

मेमसाहेबांच्या घरी पाय चौकोनी पत्र्यात व्हायचा. चारच कोपरे, आणि पारी सगळ्यांत जास्त तिथं, म्हणून कोपऱ्यावर सगळ्यांचा डोळा. हुस्नबानो एक कोपरा माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची. आठवलं म्हणून लिहितो. १९०९ साली माझी आई गेली. बंगल्यात पाहुणे भरलेले, मला सुट्टी मिळाली ती चौथ्या दिवशी, आणि मी मळ्यात पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. परत गेलो तर हुस्नबानोनं कोपऱ्याचा तुकडा पुढं केला. मी घेतला नाही. काहीतरी कारण सांगितलं होतं तिला, काय ते आता आठवत नाही. तिनं त्यावर वाटी पालथी घातली. पुढच्या साली पाहुणे आणखी वाढले, धावपळ वाढली, आणि तुकडा पुढं आला की मी खायला लागलो.

त्या स्वयंपाकघराला उत्तरेकडे एक खिडकी होती. ती खिडकीशी पारी लाटायची, मी समोर आंबे कापायचो. तेवीस उन्हाळे. आज मला त्या खिडकीची फार आठवण झाली. खिडकीचीच.

२० एप्रिल, शनिवार

नुसत्या पारीचा पत्रा भाजला. पदर सुटले! रियाज धावत बघायला आला. हुस्नबानोनं तुकडा कानाशी धरून मोडला, आवाज ऐकला आणि म्हणाली, "चालेल." मेमसाहेबांनी दिलेलं सर्टिफिकेट पेटीत आहे, पण त्याचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

घरी येताना शीळ घातली. भागूबाईनं खंडेरावाकडे पाहिलं, खंडेरावानं भागूबाईकडे.

२४ एप्रिल, बुधवार

पंचवटीच्या बाजारात पुंजा व्यापाऱ्याकडे पेठच्या बाजूचे आंबे उतरलेत. आठ टोपल्या घेतल्या, पाडाचे, थोडे आंबूस. घरी नेले नाहीत, सरळ भट्टीवर. गुपित फुटायला नको.

हुस्नबानो टोपल्यांकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आखाजी झाली का तुमची?"

मी म्हणालो, "आखाजी पाच तारखेला, बीबी. परवा जत्रा आहे, जत्रा."

"ते कळलं. पण आखाजीच्या आधी..." एवढं म्हणून ती माझ्याकडे पाहत राहिली. "अच्छा. तुमचं घर, तुम्हाला माहीत."

वय झालं तिचं. दिवसांचा घोळ होतो आहे बिचारीचा. अक्षय्य तृतीयेला अजून अकरा दिवस आहेत.

२५ एप्रिल, गुरुवार

बारा पत्रे. पहाटे चारला गेलो, दुपारी दोनला संपलं. रियाजनं पावाची भट्टी लवकर मोकळी करून दिली. मी पाऱ्या लाटल्या, मासूमानं आंबे कापले, साखर आणि जायफळ हुस्नबानोनं अंदाजानं टाकलं. वरची पारी घातल्यावर कडेला करंजीसारखी मुरड घालायची. माझी मुरड उलगडत होती, तेव्हा तिनं आपला हात माझ्या हातावर ठेवून किती दाबायचं ते दाखवलं. तिचा हात अजूनही गार आहे. भट्टीच्या शेजारी बसून, या उन्हात. हे कशाला लिहितो आहे कोण जाणे.

फोडींतली एक मी तिला चाखायला दिली. "नको," म्हणाली. दातांचा त्रास असावा.

एकच चिंता आहे. भट्टी मुसलमानाची. भाऊबंद काय म्हणतील? कुणी विचारलं तर सांगीन, नाही विचारलं तर नाही. भित्रेपणा आहे, ठाऊक आहे मला.

२६ एप्रिल, शुक्रवार. जत्रा.

आज लिहवत नाही.

२७ एप्रिल, शनिवार

आता लिहितो.

पंगत भरगच्च बसली. भाजी झाली, भाकरी झाली, भात झाला. मग मी पांढरा कोट चढवून पहिला पत्रा घेऊन आलो, बंगल्यात आणायचो तसा. वरची पारी सोनेरी, आत काय आहे ते दिसत नव्हतं. सगळ्या पानांवर वाढून झालं. पोरं वाकून वास घेत होती. सगळ्यांच्या वर कुसाबाई बसली होती, माझ्या बापाची बहीण, ऐंशीच्या पुढची. तिनं बोटानं पारी मोडली. पिवळं दिसलं. तिनं बोट मागं घेतलं.

"कशाचं हाय रं, सावळ्या?"

"आंब्याचं, आत्या."

एकामागून एक हात पानावरून मागं गेले. एका बाईनं पोराच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि ते भोकाड पसरून रडायला लागलं.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, कळलं यांना. मी तिथंच ओरडलो. "भट्टी मुसलमानाची म्हणून ना? ज्या बाईनं हे शिकवलं तिच्या हाताची सर आहे का तुमच्यात कुणाला? तिच्या हातचं मी तेवीस वर्षं खाल्लंय. मी बाटलो असेन तर मलाही उठवा पंगतीतून!"

खंडेरावानं माझा दंड धरला. कुसाबाई मात्र बसल्या जागी शांत होती.

"भट्टीचं काय घिऊन बसलास? आजारपणात पाव खात नाय का आमी? कुनाच्या भट्टीचा असतो तो?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आखाजी व्हायची हाय, सावळ्या. घागर भरायची हाय. तुझी आय अजून जेवली नाय आनि आमाला आंबा वाढतूस व्हय?"

तेव्हा मला आठवलं. लहानपणी पाडाला आलेला आंबा हातात असायचा आणि आई हातावर मारायची. आखाजीला घागर भरून, आंबा ठेवून, गेलेल्यांना आधी द्यायचं, मगच आपण तोंडाला लावायचा. हेच कारण मी १९०९ साली हुस्नबानोला सांगितलं होतं. आईची पहिली आखाजी व्हायची होती. आखाजीला मला सुट्टी मिळाली नाही. मी घागर भरली नाही. त्या साली नाही आणि पुढं कधीच नाही.

भट्टीच्या कारणानंही दोघं-चौघं उठले असतील, पण बाकीच्यांनी आंब्यासाठीच हात आवरला. भागूबाईनं घाईघाईनं गूळ-शेंगदाणे वाटले. गोडाची पंगत गूळ-शेंगदाण्यांवर उठली. मी कोट काढला आणि गोठ्यामागं जाऊन बसलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, रडलो.

दुपारी खंडेरावानं गाडी जुंपली. सगळे पत्रे भट्टीच्या गल्लीत परत नेले. गल्ली नुसती लोटली. पोरं, विणकर, हमाल, म्हाताऱ्या. तासाभरात पत्रे चाटूनपुसून स्वच्छ. लोक बोटं चोखत मला सलाम करत होते आणि मला वर बघवत नव्हतं.

"मी विचारलं होतं," हुस्नबानो म्हणाली.

"मला कळलं नाही, बीबी."

तिनं मात्र एक घाससुद्धा घेतला नाही. मी कोपरा पुढं केला तर मासूमाच्या पोरीला देऊन टाकला. माझ्यावर रागावली असावी.

१ मे, बुधवार

चार दिवस मी ओसरीवरून हललो नाही. ताट अजून पहिलंच येतं. आता तर त्यावर वाटीभर तूप जास्त असतं, आजारी माणसाला देतात तसं.

आज भागूबाई समोर येऊन बसली. ती अशी कधी बसत नाही.

"भावजी, सासूबाईंची घागर इतकी वर्सं यांनी भरली. थोरले तुमी. यंदा तुमी भरा."

मी म्हणालो, मला येत नाही.

"येत नाय तर शिका. पीठ मळायला गेलाच की शिकायला." मग उठता उठता म्हणाली, "आनि ते तुमचं पाय का काय, त्याचा एक पत्रा करा. पुरनपोळी तर मी करनारच. पन सासूबाईंना बी कळू दे, ल्योक एवढी वर्सं काय करत हुता."

४ मे, शनिवार

परवा बादशहाची जुबिली, रियाजची भट्टी ऑर्डरींनी तापलेली. लष्कराच्या छावणीत केक हवेत. तरी एका पत्र्याची जागा मिळाली. मी कुणासाठी ते सांगितल्यावर हुस्नबानो बाजेवरून उठली आणि पाट्याशी येऊन बसली.

"आज तुम्ही आंबे कापा, बटलर."

मी म्हणालो, बोटं दुखतील. तिनं ऐकलं नाही. सुजलेल्या बोटांनी पीठ गोळा केलं, लाटलं, कडेला मुरड घातली. दोन तास लागले. मी समोर बसून आंबे कापले. एकच पत्रा, आंबे दहा-बाराच, पण मी ते फार सावकाश कापले.

५ मे, रविवार. आखाजी.

सकाळी नवी घागर धुतली. पाणी विहिरीचं, मी शेंदलं. त्यावर खरबूज, वर आंबा. भागूबाई सांगत होती, मी करत होतो. आईचं नाव घेऊन पाणी सोडायचं होतं. नाव घेताना आवाज फुटेना. खंडेराव बाहेर निघून गेला. कुसाबाई म्हणाली, "घे रं, घे. सव्वीस वर्सं वाट बघतीय ती, अजून घटकाभर बघंल." मग घेतलं.

कावळ्याला पुरणपोळी आणि पाय, दोन्ही ठेवलं. कावळ्यानं पुरणपोळी नेली, पायकडे वळूनही पाहिलं नाही. आई अशीच होती.

मग सगळे बसले. पाय वाढला. कुसाबाईनं तुकडा मोडला, तोंडात घातला, दात नाहीत म्हणून बराच वेळ घोळवला.

"पीठ कुनी केलं?"

"हुस्नबानोनं, आत्या. हनीफ खानसामाची बायको. नदीपलीकडं राहते."

"हात चांगला हाय," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा मागितला.

खंडेरावानं तीन खाल्ले. मला ताट आलंच नाही. मी वाट बघत बसलो होतो, तेव्हा भागूबाई तव्यापाशी होती तिथूनच म्हणाली, "भावजी, बसलात काय? टोपलीत पोळ्या हायत, हातानं घ्या." मी उठलो आणि घेतल्या. इतकं पोटभर मी या घरात जेवलो नव्हतो.

एक कोपरा आधीच बाजूला काढला होता. तो फडक्यात बांधून संध्याकाळी नदी ओलांडली.

हुस्नबानो बाजेवरच होती. मी ताटली पुढं केली. म्हटलं, आज तरी नाही म्हणू नका.

"पोचलं आईला?" तिनं विचारलं.

"पोचलं."

"मग द्या."

मासूमा दारातून बघत होती. ती हसून म्हणाली, "हो गई अम्मीची आखाजी." मी विचारलं, म्हणजे? "दर साल आहे हे, चाचा. आखाजी होईतो आंबा तोंडाला लावत नाहीत. घरात टोपल्या भरलेल्या असू देत, पोरं रस खाऊ देत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. हे म्हणतात, हे पाच-सहा बरस के होते तबसे. आम्हाला वाटायचं, मन्नत आहे कसली तरी."

रियाज आज एकतीस-बत्तीस वर्षांचा आहे. म्हणजे सव्वीस वर्षं.

मी हुस्नबानोकडे पाहिलं. ती मान खाली घालून पारीचे पदर एकेक करून खात होती. मांडीवर चुरा पडत होता. मला पुष्कळ काही विचारायचं होतं, पण बंगल्यातही मी तिला कधी काही विचारलं नव्हतं आणि आजही तोंड उघडलं नाही. मी माझी आई विसरलो होतो. हिनं तिला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मीठ जरा कमी पडलं," ती म्हणाली.

मग तिनं ताटली माझ्याकडे सरकवली. अर्धा तुकडा ठेवला होता. मी जेवून आलो होतो, पोटात जागा नव्हती. खाल्ला.